पायरी चौथी : जेवायला हाक येते

आमच्या इमारतीत ज्यांना सगळे लिफ्टवाले काका म्हणतात त्यांनी आयुष्यात एकही लिफ्ट दुरुस्त केलेली नाही. हे ते स्वतःच सांगतात, आणि कमीपणा न मानता सांगतात. सरकारी खात्यात ते लिफ्टचे निरीक्षक होते. निरीक्षकाने दोष शोधायचा, लिहायचा, खाली सही करायची. पान्याला हात लावायचा नाही. दोष काढणाऱ्यानेच तो दुरुस्त केला तर दुरुस्ती तपासायची कुणी, असा त्यामागचा विचार. काकांना तो इतका पटला होता की घरातला नळ गळायला लागला तर तो कुठून गळतोय, केव्हापासून गळतोय आणि गळती वाढतेय की स्थिर आहे एवढं सांगून ते बाजूला होत. वायसर काकू बदलत.

अशा माणसाला निवृत्ती मानवत नाही. सुरुवातीला काकांनी घराचीच तपासणी काढली. कुठल्या दाराची बिजागरी कुरकुरते, गॅसची कुठली शेगडी उशिरा पेटते, हे काकूंना रोज कळू लागलं. काकूंना ते आधीपासून माहीत होतं. शेवटी त्यांनीच सुचवलं की तुम्ही काहीतरी लिहा. मग काकांनी 'लिफ्ट आणि आपण' या नावाची, इमारतीत राहणाऱ्या साध्या माणसांसाठी एक पुस्तिका लिहायला घेतली, आणि त्यासाठी सुनेकडे एक लॅपटॉप मागितला.

सून एका कंपनीत प्रोग्रॅमर. पगार घेऊन ती जो कोड लिही त्याबद्दल घरी कधी बोलत नसे. फुकट जो लिही त्याबद्दल मात्र तिला जेवताना थांबवावं लागे. हा फुकटचा कोड एका एडिटरचा होता. एडिटर म्हणजे ज्यात प्रोग्रॅमर मंडळी कोड लिहितात ते. हा कुठल्या कंपनीचा नव्हता. देशोदेशीचे हौशी लोक तो मिळून बनवत, कोड सगळ्यांना उघडा, आणि वापरणाऱ्या कुणालाही त्यातले दोष कळवायची आणि नव्या सोयी सुचवायची मुभा. सुनेने तोच काकांच्या लॅपटॉपवर टाकून दिला. पुस्तिका लिहायला एवढं हत्यार लागत नाही, पण तिचं म्हणणं, मजकूर तो मजकूर.

काकांनी पहिल्याच दिवशी सगळे मेनू उघडून पाहिले. 'मदत'च्या मेनूत तळाला एक ओळ होती : दोष कळवा. काकांनी चष्मा पुसला आणि ती पुन्हा वाचली. उभ्या कारकिर्दीत त्यांना दोष काढायचं आमंत्रण कुणी दिलं नव्हतं. लोक त्यांना चहा देत, खुर्ची देत, लवकर निघा असं वेगवेगळ्या शब्दांत सुचवत. हे कुणी केलं नव्हतं.

तरी पहिला दोष त्यांनी तोंडीच सांगितला, सकाळच्या चहाला.

"सूनबाई, तुझ्या त्या एडिटरमध्ये शोधपट्टी उघडून बंद केली की कर्सर भलतीकडेच जातो."

"माझा नाहीये तो, बाबा. सगळ्यांचा आहे."

"सगळ्यांचा म्हणजे दुरुस्तीला कुणाचाच नाही. जिन्यातल्या दिव्यासारखं."

"हे बघा, घरात बग सांगायचा नाही. ट्रॅकरवर लिहा. तिथे साचा आहे. इथे चहा पिताना मी तुमची सून आहे."

"आणि तिकडे कोण आहेस?" काकूंनी विचारलं.

"तिकडे मी कुणीच नाही, आई. फार बरं असतं."

ट्रॅकर ही दोषांची, म्हणजे बगांची, सार्वजनिक पाटी. कुणीही लिहावं, कुणीही वाचावं, प्रत्येक दोषाला क्रमांक. साच्यात तीन प्रश्न होते : तुम्ही काय केलंत? काय व्हायला हवं होतं? प्रत्यक्षात काय झालं? काकांनी ते काकूंना मोठ्याने वाचून दाखवले आणि म्हणाले, "किती सभ्य प्रश्न आहेत बघ."

"लग्नाला वर्ष झालं की हे मुलीला विचारायला हवेत," काकू म्हणाल्या, आणि उत्तरं काय द्यायची असती ते न सांगता शेंगा सोलत राहिल्या.

काकांनी ट्रॅकरवरचे वागणुकीचे नियमही पूर्ण वाचले. ते पूर्ण वाचणारा जगातला पहिला माणूस बहुधा तेच. समोरच्याचा आदर राखावा, त्याने वेळ फुकट दिला आहे हे लक्षात ठेवावं, वगैरे. त्यामुळे त्यांचा प्रत्येक दोष आभाराने सुरू होई, आणि पुढे खात्याचं इंग्रजी. पहिल्या दोषाच्या शेवटी त्यांनी सवयीने लिहून टाकलं की दुरुस्ती होऊन फेरतपासणी होईपर्यंत सदर यंत्र वापरास बंद ठेवण्यात यावं. म्हणजे जगभरच्या प्रोग्रॅमरांनी काम थांबवावं. त्यावर कुणीतरी हसरे चेहरे चिकटवले. काकांनी ती मान्यतेची खूण समजली.

सासऱ्याने सुनेच्या कामात खोट काढणं यात नवं काही नाही. पण ती लेखी काढणं, आभार मानून काढणं, चार परक्यांदेखत काढणं आणि सुनेने तिला क्रमांक देणं, अशी व्यवस्था फार घरांत नसावी. काका बैठकीच्या खोलीतून दोष पाठवत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुनेचा फोन वाजे. ती लिही, कळवल्याबद्दल धन्यवाद, पाहते. मधल्या दारातून काकू जा-ये करत आणि दोघांपैकी कुणाचाच निरोप दुसऱ्याला सांगत नसत. मुलगा फिरतीच्या नोकरीवर. तो कधीमधी घरी आला की त्याला वाटे, अबोला आहे की काय. खरं तर त्या दोघांचं एवढं बोलणं याआधी कधी झालं नव्हतं.

या सगळ्या कारभाराचा मुख्य म्हणजे घुबड. नाव कुणाला ठाऊक नव्हतं. त्याच्या नावाच्या जागी घुबडाचं चित्र होतं, म्हणून घरात घुबड. एडिटर त्यानेच सुरू केला होता आणि त्यात काय जाईल, काय नाही, हे शेवटी तोच ठरवे. काकांनी नव्या सोयी सुचवायला सुरुवात केली तेव्हा त्यांची घुबडाशी ओळख झाली. फाइल फार मोठी झाली की लिफ्टमध्ये वाजते तशी घंटा वाजावी. नाही. टॅब बिघडला की त्यावर लाल पाटी लागावी. नाही. प्रत्येक वेळी उत्तर एकच : सूचनेबद्दल आभार, हे आमच्या कक्षेबाहेर आहे.

"कक्षेबाहेर म्हणजे?" काकांनी सुनेला विचारलं. हा बग नसल्यामुळे घरात विचारता येत होता.

"म्हणजे नाही."

"मग नाही असं का म्हणत नाहीत?"

"नाही म्हटलं की लोक वाद घालतात."

काकूंना हा शब्द आवडला. इमारतीच्या सभेला येता का, शेजारणीच्या सुनेला समजावता का, अशा मागण्यांवर त्या आता 'माझ्या कक्षेबाहेर आहे' असं सांगू लागल्या, आणि खरोखरच कुणी वाद घालेना.

सुनेचीही एक सूचना घुबडाकडे पडून होती, आणि ती पडून राहण्यात तिचा बराच काळ गेला होता. गोष्ट साधी आहे. आपण काही लिहितो, आवडत नाही, म्हणून मागे मागे जात ते काढून टाकतो आणि दुसरं लिहितो. मग पहिलंच बरं होतं असं वाटतं. पण ते गेलेलं असतं. सुनेचं म्हणणं, ते जाऊ नये. नवं लिहिलं की जुनं बाजूला एक फांदी होऊन राहावं, आणि हव्या त्या फांदीवर परत जाता यावं. घुबड म्हणे, फार गुंतागुंत, फार थोड्यांना हवं. सून उदाहरणं देई. घुबड शंका काढे. तिने शंकांची उत्तरं कोडमध्ये लिहून दाखवली. सकाळी, बाकीचं घर उठायच्या आधी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिने ते सगळं उभं केलं. शेवटी घुबडाने मान डोलावली, एका अटीवर. चाचणीसाठी काढलेल्या आवृत्तीत फांद्या असतील. लोकांनी त्या वापराव्यात. मजकूर हरवल्याचा एक जरी पक्का दोष आला, तर फांद्या पुढच्या आवृत्तीतून बाहेर, आणि मग हा विषय पुन्हा निघायचा नाही. माणसाचं लिहिलेलं हरवणारा एडिटर मी ठेवणार नाही, असं त्याने लिहिलं. सुनेला अट मान्य होती. ती नसती तर तिनेच घातली असती.

काकांनी चाचणीची आवृत्ती लगेच घेतली. पुस्तिकेत ते सारखे खाडाखोड करत, त्यामुळे त्यांच्या फाइलला फांद्याच फांद्या फुटल्या. दरवाज्याच्या सुरक्षेचा परिच्छेद त्यांनी तीन तऱ्हांनी लिहिला होता, आणि तिन्ही जिवंत होत्या. सुनेचं काम त्यांना मनापासून आवडलं. ट्रॅकरवर 'उत्तम' लिहायला साचा नव्हता, म्हणून ते लिहायचं राहून गेलं.

मग एका दुपारी जेवून येऊन त्यांनी लॅपटॉप उघडला तर समोरचा मजकूर होता आणि फांद्या नव्हत्या. दरवाज्याचे दोन परिच्छेद नाहीसे.

काकांना पहिल्यांदा वाईट वाटलं नाही. पहिल्यांदा त्यांना तेच वाटलं जे एखाद्या चांगल्या इमारतीतली चांगली लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबली की वाटे : का? आपण तपासतोय ती इमारत सुनेची आहे हे त्यांना जरा वेळाने आठवलं.

त्यांनी पुन्हा तसंच करून पाहिलं. लिहिलं, मागे गेले, दुसरं लिहिलं. फांदी जागच्या जागी. लिफ्टचंही असंच असतं. निरीक्षक आत उभा असला की ती शहाण्यासारखी वागते, आणि कंत्राटदार म्हणतो, बघा, आमच्याकडे तर चालते. प्रोग्रॅमरांमध्येही हेच वाक्य चालतं असं सुनेने त्यांना सांगितलं होतं. काकांचा त्यावर एक जुना उपाय होता : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. त्यांनी चार्जर लावून पाहिला, काढून पाहिला. जागा बदलली. फाइलचं नाव बदललं. फांद्या कधी राहत, कधी जात, आणि गेल्या की दुपारीच जात.

"दुपारचं काय असतं त्याला?" ते पुटपुटले.

"कुणाला?" काकू म्हणाल्या.

"काही नाही."

मधे काकू बहिणीकडे राहायला गेल्या. त्या मुक्कामात काकांनी फडताळातलं काहीबाही लॅपटॉपसमोरच बसून खाल्लं आणि दिवसभर खाडाखोड केली. एकही फांदी गेली नाही. काकू परत आल्या. त्याच दुपारी सगळ्या गेल्या. कुठल्याही निरीक्षकाने जो निष्कर्ष काढला असता तोच काकांनी काढला.

"अगं, मला जरा जेवायला हाक मार."

"आत्ताच तर नाश्ता झाला."

"जेवायचं नाहीये. नुसती हाक मार."

"नुसती कशी मारू? ताटात काय वाढू, हाक?"

"तपासणी आहे."

"माझी?"

"तुझी नाही. तुझा संबंध आहे का ते बघायचंय."

"चाळीस वर्षांत आज बघताय," काकू म्हणाल्या. तरी त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन हाक मारली. काका उठले, दोन पावलं गेले आणि थबकले. आपण उठताना काय केलं ते त्यांना आत्ता दिसलं. लॅपटॉपचं झाकण बंद केलं होतं. जागा सोडताना यंत्र बंद करायचं हा खात्याचा नियम त्यांच्या हातात मुरला होता, डोक्यात नव्हता.

उरलेलं त्यांनी जेवायच्या वेळेपर्यंत सोडवलं. लिहिता लिहिता, वाक्य अर्धं असताना, फाइल न साठवता झाकण लावलं की लॅपटॉप झोपे. जागा झाला की एडिटरला वाटे, फाइल मधल्या काळात कुणीतरी बदलली, आणि तो फांद्या शिळ्या समजून फेकून देई. जगातल्या बाकीच्या चाचणीवाल्यांना हे का दिसलं नाही तेही उघड होतं. प्रोग्रॅमर माणूस हाक आली की 'आलो आलो' म्हणतो, वाक्य पुरं करतो, साठवतो, आणि मग येत नाही. या घरात दुसरी हाक मारायची पद्धत नव्हती. पहिल्या हाकेला उठायचं, शब्द अर्धा असला तर अर्धा.

कोडं सुटल्याचा आनंद काकांना जेवण संपेपर्यंत पुरला. मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्या हातात आता मजकूर हरवल्याचा एक पक्का दोष आहे.

नोकरीत कंत्राटदार त्यांना दाराशी गाठून म्हणत, साहेब, लिहू नका, तोंडी सांगा, आज रात्रीत करून टाकतो. काकांनी कधी ऐकलं नाही. यात त्यांना शौर्य वाटत नसे. तोंडी सांगितलेला दोष फेरतपासणीला सापडत नाही, एवढंच. पण ते कंत्राटदार पोळी वाढताना 'बाबा, अर्धी घ्या' असं म्हणत नव्हते.

संध्याकाळी सून कामावरून आली, टेबलाशी बसली. काका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"सूनबाई."

"बग आहे का?"

काकांनी चष्मा काढून पुसला.

"बाबा, घरात नाही. ट्रॅकरवर."

"या वेळी तोंडी सांगू का, असं विचारायला आलो होतो."

सुनेने लॅपटॉपवरचे हात काढले. कणीक मळणाऱ्या काकूंचेही हात थांबले, कारण 'तोंडी' हा शब्द या माणसाच्या तोंडून त्यांनी कधी ऐकला नव्हता.

"फांद्या?" सुनेने विचारलं.

"मी अजून काही सांगितलेलं नाही."

"मजकूर जातो?"

"अजून तोंडीच चाललंय. तू म्हणशील तसं."

सून खाली टेबलाकडे बघत बसली. तोंडी ऐकलं तर ती रात्री जेवायच्या आत ते दुरुस्त करू शकली असती, कुणाला पत्ता लागला नसता आणि फांद्या पुढच्या आवृत्तीत टिकल्या असत्या. हे तिघांनाही कळत होतं; काकूंना बग म्हणजे काय ते नीट माहीत नव्हतं, पण हे कळत होतं.

"पुन्हा पुन्हा घडवता येतो?" तिने विचारलं. हा ट्रॅकरवरचा प्रश्न होता.

"येतो. तुझ्या सासूबाईंची मदत लागते."

"मग लिहा," ती म्हणाली, आणि हात पुन्हा लॅपटॉपवर ठेवत म्हणाली, "पायऱ्या नीट लिहा. घुबड अर्धवट पायऱ्यांना हिंग लावून विचारत नाही."

काकांनी लिहिला. पायरी पहिली, काही लिहा. दुसरी, मागे जाऊन वेगळं लिहा. तिसरी, नवं वाक्य सुरू करा. पायरी चौथी, जेवायला हाक येते. पाचवी, तत्काळ उठा व झाकण लावा. सहावी, जेवून या. काय व्हायला हवं होतं : सर्व फांद्या शाबूत. प्रत्यक्षात काय झालं : एकही नाही. शेवटी त्यांनी एक ओळ जोडली की ही सोय अतिशय उपयुक्त असून निरीक्षक ती रोज वापरतो. ट्रॅकरच्या दृष्टीने ती ओळ कक्षेबाहेरची होती.

चौथ्या पायरीने ट्रॅकरवर खळबळ उडाली. आरंभी कुणालाच दोष घडवता येईना. एकाने लिहिलं, मी एकटा राहतो, मला हाक कोण मारणार. त्याने ओव्हनची घंटा लावली, पण घंटा ऐकून त्याने सवयीने आधी फाइल साठवली. एकीने लिहिलं, आमच्याकडे स्वयंपाक मी करते, तेव्हा हाक मीच मारते, आता नवऱ्याला लॅपटॉपवर बसवून बघते. तिच्या नवऱ्याला उठायला फार वेळ लागला. हाक नेमकी कशी असते, मोठ्याने की हळू, असं कुणीतरी गंभीरपणे विचारलं, आणि काकांनी तितक्याच गंभीरपणे उत्तर दिलं की आवाज मध्यम असतो, परंतु पुन्हा मारली जात नाही. मग एकेकाला जमू लागलं. ज्याला जमे तो लिही, पक्कं. शेवटी घुबडाने लिहिलं, माझ्याकडेही पक्कं. म्हणजे त्यालाही कुणी जेवायला बोलावणारं होतं. काकांना हे कळून बरं वाटलं.

सुनेने दुरुस्ती दुसऱ्याच दिवशी पाठवली. घुबडाने ती घेतली, फांद्या आवृत्तीतून काढल्या, आणि लिहिलं, अट ती अट. सून म्हणाली, बरोबर आहे. घरात त्या आठवड्यात चहा जरा जास्त शांतपणे प्यायला गेला. काकांना दोन नवे दोष दिसले होते. त्यांनी ते दाबून ठेवले नाहीत, फक्त थोडे सावकाश लिहिले.

फांद्यांशिवायची आवृत्ती बाहेर पडली आणि ट्रॅकरवर दोष येऊ लागले. आधी एक, मग बरेच. काय केलंत : नवी आवृत्ती घेतली. काय व्हायला हवं होतं : मागे टाकलेला मजकूर फांदीवर असायला हवा होता. प्रत्यक्षात काय झालं : फांदीच नाही. ज्यांना फांद्यांशी काही देणंघेणं नव्हतं अशी ही माणसं. चौथ्या पायरीच्या कुतूहलापोटी त्यांनी चाचणीची आवृत्ती घेतली, दोष घडवायचा म्हणून फांद्या वापरल्या, पुन्हा घडवायचा म्हणून पुन्हा वापरल्या, आणि एवढ्यात त्यांना सवय लागली. घुबड प्रत्येकाखाली लिहीत राहिला, हा दोष नाही, ठरवून केलं आहे. काही दिवसांनी तोही लिहायचा दमला.

सुनेच्या फोनवर त्याचा निरोप आला तेव्हा तिघं जेवत होती. तिने वाचून दाखवला. विषय पुन्हा निघायचा नाही असं मी म्हणालो होतो; तो मी काढलेला नाही, लोकांनी काढला आहे. पुढच्या आवृत्तीत फांद्या परत येतील, आणि फांद्यांचा भाग यापुढे तुमच्याकडे राहील.

"म्हणजे मिळालं की नाही?" काकूंनी विचारलं.

"मिळालं, आई."

"मग चेहरा असा का?"

"आता त्यातले सगळे बग माझ्याच नावावर येणार."

काकांचा हात ताटातच थांबला. लॅपटॉप झोपलेला असताना त्याची बॅटरी पूर्ण संपली तर फांद्यांचं काय होत असेल, असं त्यांच्या डोक्यात आत्ताच आलं होतं. त्यांनी सुनेकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि घास घेतला.

"बोला, बाबा," सून म्हणाली. "आज तोंडी चालेल."

"नको," काका म्हणाले. "आधी घडतं का ते बघतो."